कर्णधाराचा हिशेब षटकांत मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कसोटी मालिका संपली की आपल्या क्रीडापानावर कर्णधाराची झाडाझडती होते. त्यात देहबोली येते, ‘आक्रमक’ आणि ‘बचावात्मक’ ही दोन ठरलेली विशेषणे येतात, स्टंप माइकने टिपलेले एखादे वाक्य येते आणि शेवटी विजयांची टक्केवारी. कोणी किती षटके टाकली, नवा चेंडू कधी घेतला, डाव घोषित केला तेव्हा किती वेळ उरला होता, याबद्दल अवाक्षर नसते. कसोटीचा कर्णधार मैदानावर दिवसभर करतो ते काम मात्र हेच. दिवसाची ९० षटके, चार किंवा पाच गोलंदाज, ८० षटकांनी मिळणारा एक नवा चेंडू आणि डावाला तीन रिव्ह्यू (पंचांच्या निर्णयाविरुद्ध दाद) एवढे भांडवल त्याच्या हाती असते. ते त्याने कसे खर्च केले, हे वाचकाला कळायला हवे.

डिसेंबर २०२० ची मेलबर्न कसोटी घ्या. अ‍ॅडलेडला ३६ धावांत डाव गडगडलेला, विराट कोहली मायदेशी परतलेला, मोहम्मद शमी जायबंदी. अजिंक्य रहाणेबद्दल त्या आठवड्यात जे लिहिले गेले ते बहुतेक ‘शांत’ आणि ‘संयमी’ या दोन शब्दांभोवती फिरत राहिले. रहाणे शांत आहेच, पण ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव १९५ धावांत आटोपला तो त्याच्या शांतपणामुळे नव्हे. तो डाव ७२.३ षटकांचा झाला. अश्विन २४, बुमरा १६, सिराज १५, उमेश यादव १२ आणि जडेजा ५.३. या पाच आकड्यांत रहाणेचे कर्णधारपद आहे. पहिल्या दिवशी, खेळपट्टीत दमटपणा असताना, चेंडू अजून टणक असतानाच त्याने अश्विनला आणले. ऑस्ट्रेलियात वापरल्या जाणाऱ्या कुकाबुरा चेंडूची शिवण पंचवीस-तीस षटकांनंतर बसते. मग ऑफस्पिनरला उसळीही मिळत नाही आणि पकडही. अश्विनने मॅथ्यू वेड आणि स्टीव्ह स्मिथ यांना बाद केले, त्यातला स्मिथ शून्यावर लेग गलीत, म्हणजे लेग बाजूला फलंदाजाच्या मागे जवळ उभ्या असलेल्या पुजाराच्या हाती. पदार्पण करणाऱ्या सिराजला मात्र उपाहारापर्यंत एकही षटक दिले नाही. नंतर चेंडू जुना झाल्यावर आला आणि लाबुशेन व ग्रीन यांना घेऊन गेला.

लेग गलीचे क्षेत्ररक्षण वाटते तेवढे सोपे नाही. चेंडू टाकताना लेग बाजूला पॉपिंग क्रीझच्या (फलंदाजासमोरच्या रेषेच्या) मागे यष्टिरक्षक सोडून दोनच क्षेत्ररक्षक उभे राहू शकतात. त्यातला एक लेग गलीत ठेवला की उरतो एक, आणि तिकडे माणसे लावली की ऑफ बाजू विरळ होते. म्हणजे गोलंदाजाने दिवसभर यष्ट्यांवरच टाकायला हवे. चेंडू ऑफस्टंपबाहेर भरकटला की चौकार. असा सापळा लावण्याआधी आपला गोलंदाज सलग सहा चेंडू त्या रेषेवर टाकेल का, हे कर्णधाराला ठाऊक असावे लागते. नसेल तर तो सापळा फळ्यावरच शोभतो.

त्याहून मोठा निर्णय संघनिवडीचा होता. कोहलीच्या जागी फलंदाज न घेता जडेजाला घेतले, म्हणजे पाच गोलंदाज झाले. मार्च २०१७ मध्ये धरमशाला इथे कोहली जायबंदी असतानाही रहाणेने हेच केले होते. तेव्हा आलेल्या कुलदीप यादवने पदार्पणात ६८ धावांत ४ बळी घेतले. पाचवा गोलंदाज का लागतो, याचे गणित साधे आहे. वेगवान गोलंदाजाचा चांगला दिवस म्हणजे पाच-सहा षटकांचे तीन स्पेल (गोलंदाजीचे सलग टप्पे), फार तर १८ षटके. तिघांची मिळून ५४ होतात. उरलेली ३६ एकट्या फिरकी गोलंदाजाच्या गळ्यात पडतात. खेळपट्टी साथ देत नसेल तर तो चहापानानंतर फक्त धावा रोखतो, आणि सायंकाळी नवा चेंडू येतो तेव्हा वेगवान गोलंदाज दमलेले असतात. चारपैकी एकाचा स्नायू दुखावला तर सगळाच हिशेब कोसळतो. पाचवा असला की निभावते. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला नवदीप सैनी ७.५ षटके टाकून बाहेर गेला. त्या षटकाचा शेवटचा चेंडू रोहित शर्माने टाकला. ऑस्ट्रेलियाचा तो डाव ११५.२ षटके चालला. वॉशिंग्टन सुंदरने ३१, सिराजने २८, नटराजनने २४.२ आणि शार्दूलने २४ षटके टाकली. त्या सामन्याआधी या पाच गोलंदाजांच्या नावावर सगळ्यांचे मिळून चार कसोटी सामने होते. दुसऱ्या डावात सिराजने ७३ धावांत ५ बळी घेतले ते त्याची पहिल्या डावात हाडे मोडली नव्हती म्हणूनच. ओझे इतके सारखे वाटले गेले, याची बातमी कुणी केली नाही. बातम्या पंतच्या नाबाद ८९ च्या झाल्या. त्या व्हायलाच हव्या होत्या, पण दोन ओळी याही बसल्या असत्या.

उलट उदाहरण २०२४-२५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे. बुमराने त्या मालिकेत १५१.२ षटके टाकून ३२ बळी घेतले आणि अखेरच्या सिडनी कसोटीत, कर्णधार तोच असताना, पाठीच्या दुखापतीने त्याला मैदान सोडावे लागले. शेवटच्या डावात तो गोलंदाजीला आलाच नाही. त्याच्या देहबोलीवर कोणी बोट ठेवले नसेल, पण षटकांचा तक्ता पाहणाऱ्याला हे त्याच मालिकेतल्या मेलबर्न कसोटीपासून दिसत होते.

आता नव्या चेंडूकडे. ८० षटके झाली की नवा चेंडू मिळतो आणि आपल्याकडे तो लगेच घेतला नाही की समालोचक कासावीस होतात. तो घेणे सक्तीचे नाही, कर्णधाराच्या मर्जीचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ओव्हलवर शेवटच्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या. धावफलकावर चार बळी शिल्लक होते, पण ख्रिस वोक्सचा खांदा निखळलेला. ७६.२ षटके झालेली, म्हणजे नवा चेंडू २२ चेंडूंवर. शुभमन गिलने ८० षटके झाल्यावरही जुनाच चेंडू चालू ठेवला. सामना ८५.१ षटकांनी संपला, सहा धावांनी, सिराजने अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवून. यामागचे तर्क नीट सांगितले पाहिजे होते. ढगाळ हवेत जुना ड्यूक्स (इंग्लंडमध्ये वापरला जाणारा चेंडू) हलत होता. नवा चेंडू टणक. तो बॅटची कड घेऊन स्लिपवरून सुटला तर थेट सीमेपार, आणि वीस-पंचवीस धावांच्या लढतीत असे दोन चौकार म्हणजे निम्मा सामना गेला. शिवाय नव्या चेंडूवर गोलंदाजाला रेषा पुन्हा शोधावी लागते. जेव्हा दीडशे धावा शिल्लक असतात आणि जोडी जमलेली असते, तेव्हा हेच उत्तर उलटे होते.

फॉलोऑन म्हणजे पहिल्या डावात बऱ्याच धावांनी मागे पडलेल्या संघाला लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजीला लावणे. त्याबद्दल तर आपल्या वार्ताहरांना आघाडीचा दोनशेचाच आकडा पाठ असतो. २०० ही पाच दिवसांच्या सामन्याची अट. तीन किंवा चार दिवसांच्या सामन्याला १५० पुरतात. आणि पहिल्या दिवशी एकही चेंडू पडला नाही तर सामना जितक्या दिवसांचा उरला तितक्याचाच धरला जातो. १९७१ मध्ये किंग्स्टनला पहिला दिवस पावसाने गेला होता. दिलीप सरदेसाईंच्या २१२ मुळे भारताने ३८७ केल्या, वेस्ट इंडीज २१७ वर बाद झाले, आघाडी १७० ची. अजित वाडेकर यांनी वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन गॅरी सोबर्स यांना फॉलोऑन सांगितला, तेव्हा खुद्द सोबर्सनाही हा नियम ध्यानात नव्हता. सामना अनिर्णित राहिला, पण यजमानांना त्यांच्याच घरी पुन्हा फलंदाजीला बसवले गेले. पुढचा सामना पोर्ट ऑफ स्पेनला भारताने जिंकला आणि त्यातही सलीम दुराणींकडे नेमक्या वेळी चेंडू देण्याचे काम वाडेकरांचेच होते. दुराणींनी सोबर्स आणि लॉइड दोघांनाही माघारी धाडले. वाडेकरांवर आजही लिहिताना ‘नशीबवान कर्णधार’ हे बिरुद लावले जाते. नियमपुस्तक वाचून ठेवणे हे नशीब असेल तर प्रश्नच मिटला.

फॉलोऑन द्यावा की नाही, याचे उत्तरही गोलंदाजांच्या पायांत असते. २००१ च्या कोलकाता कसोटीत स्टीव्ह वॉ यांनी २७४ च्या आघाडीवर फॉलोऑन दिला आणि हरले, म्हणून तो निर्णय चुकीचा, असे गेली पंचवीस वर्षे सांगितले जाते. मला ते पटत नाही. भारताचा पहिला डाव अवघ्या ५८.१ षटकांत संपला होता. गोलंदाज ताजे होते. तिसऱ्या दिवसअखेर भारत ४ बाद २५४, अजून २० धावांनी मागे. तोवर वॉ यांचे काहीही चुकले नव्हते. चुकले ते चौथ्या दिवशी. त्या दिवशी लक्ष्मण आणि द्रविड यांनी एकही गडी न गमावता ३३५ धावा केल्या. शेन वॉर्न राउंड द विकेट, पायांच्या खुणांत टाकत राहिला आणि लक्ष्मण तोच चेंडू कधी कव्हरमधून, कधी मिडविकेटला फटकावत राहिला. वॉर्नचे आकडे शेवटी ३४ षटके, १५२ धावा, १ बळी. दुसरा डाव १७८ षटकांचा. म्हणजे ऑस्ट्रेलियाने सलग २३६ षटके मैदानात काढली आणि मग पाचव्या दिवशी त्याच दमलेल्या पायांनी फलंदाजीला आले. फॉलोऑनची जोखीम या बेरजेत आहे.

फॉलोऑन देऊन हरणे कसोटीत चारदाच घडले आहे: सिडनी १८९४, हेडिंग्ले १९८१, कोलकाता २००१ आणि वेलिंग्टन २०२३. वेलिंग्टनला इंग्लंडच्या बेन स्टोक्सने २२६ च्या आघाडीवर फॉलोऑन दिला आणि एका धावेने हरला. तरीही आजचे कर्णधार फॉलोऑन टाळतात त्याचे कारण हे चार पराभव नसून गोलंदाजांच्या विश्रांतीचे वेळापत्रक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटीला (उपाहाराआधी चहापान झालेला तो विचित्र सामना) दक्षिण आफ्रिकेच्या टेंबा बवुमाने २८८ ची आघाडी असूनही पुन्हा फलंदाजी घेतली, ५ बाद २६० वर डाव सोडला आणि भारताला १४० मध्ये गुंडाळून ४०८ धावांनी जिंकला. त्याला तेव्हा ‘घाबरट’ म्हणणारे होते. त्याचे गोलंदाज यान्सेन आणि हार्मर विश्रांती घेऊन, आणखी फाटलेल्या खेळपट्टीवर आले, हे त्यांनी पाहिले नाही.

डाव घोषित करण्याचा हिशेब थोडा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त तोंडपाटीलकी चालते. आधी उरलेली षटके मोजायची. पूर्ण दिवसाची ९०, त्यातून डाव बदलताना जाणारी दहा मिनिटे, म्हणजे दोन षटके, वजा. हवामानाचा अंदाज वजा. संध्याकाळी प्रकाश किती वाजता जातो ते वजा. फ्लडलाइट असले तरी अंधुक प्रकाशात पंच वेगवान गोलंदाजी थांबवू शकतात, मग दोन्ही टोकांनी फिरकीच लावावी लागते. दुसरा प्रश्न नव्या चेंडूचा. खेळपट्टी निर्जीव असेल आणि भिस्त वेगवान गोलंदाजांवर असेल तर प्रतिस्पर्ध्यांना किमान ९५-१०० षटके खेळवावी लागतात, म्हणजे दुसरा नवा चेंडू शेवटच्या जोड्यांसाठी हाती येतो. ७५ षटके दिली तर तो मिळतच नाही. सौरव गांगुलीने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला ३८४ धावा आणि ७५ षटके दिली. त्याच्याकडे हरभजन होता आणि चेंडू हातभर वळत होता, म्हणून तेवढी पुरली. तिसरा प्रश्न लक्ष्याचा. ७५ षटकांत ३८४ म्हणजे षटकाला पाचच्या वर. त्यामुळे जवळचे क्षेत्ररक्षक कायम ठेवता आले. लक्ष्य षटकाला साडेतीनचे ठेवले तर पहिल्या तासातच दोघे सीमेवर पाठवावे लागतात आणि एकेरी धावा फुकट वाटल्या जातात. चौथी गोष्ट रोलर. प्रत्येक सकाळी आणि डाव बदलताना (सामन्याचा पहिला डाव सोडून) फलंदाजी करणाऱ्या कर्णधाराला खेळपट्टीवर जास्तीत जास्त सात मिनिटे रोलर फिरवून घेता येतो. हलका की जड, ही निवड त्याची. जड रोलरने भेगा तासभर दबतात. म्हणून संध्याकाळी अर्धा तास असताना डाव सोडून दमलेल्या सलामीवीरांना आणणे आणि सकाळी सोडणे यांत फरक पडतो.

हा हिशेब लावून जुलै २०२५ चे एजबॅस्टन पाहा. गिलने ६ बाद ४२७ वर डाव सोडला, लक्ष्य ६०८. चौथ्या दिवशी १६ षटके मिळाली, ७२ धावांत ३ गडी गेले आणि पाचव्या सकाळी पावसाने खेळ उशिरा सुरू झाला. चौथ्या दिवसाच्या रात्रीच गिलवर टीकेची झोड उठली होती. तो दहा षटके उशिरा थांबला असे मलाही वाटते; पाचशेच्या पुढची प्रत्येक धाव गोलंदाजांच्या वेळातून कापलेली होती. पण आदल्याच कसोटीत हेडिंग्लेला इंग्लंडने ३७१ पार केल्या होत्या आणि याच मैदानावर २०२२ मध्ये ३७८ धावा तीन गडी गमावून. त्याची भीती पोकळ नव्हती. इंग्लंड ६८.१ षटकांत २७१ वर बाद झाले आणि दुसऱ्या दिवशी तीच लेखणी ‘धूर्त’ हा शब्द लिहू लागली. निर्णय दोन्ही दिवशी तोच होता.

भीती नसलेल्या कर्णधाराचे काय होते ते १९६८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला दिसले. सोबर्सनी २ बाद ९२ वर डाव सोडून इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावा दिल्या. पहिल्या डावात हंगामी गोलंदाज बुचरने ३४ धावांत ५ बळी घेतले होते. तो चमत्कार पुन्हा होईल असे धरून चालले गेले. बॉयकॉट आणि काउड्रीने तीन चेंडू राखून सामना नेला. एका अपघाती कामगिरीला सरासरी समजणे ही चूक आजचेही कर्णधार करतात.

षटकांच्या गतीची बातमी आपल्याकडे दंडाच्या रकमेपुरती येते. अपेक्षा तासाला १५ षटकांची, म्हणजे षटकाला चार मिनिटे. वेगवान गोलंदाजाला त्याहून जास्त लागतात, फिरकीला तीनच्या आसपास. सायंकाळी मागे पडलेला कर्णधार घाईने दोन्हीकडून फिरकी लावतो आणि नेमका त्याच वेळी जमलेल्या फलंदाजाला मोकळे रान मिळते. डिसेंबर २०२० च्या त्याच मेलबर्न सामन्यात टिम पेनचा ऑस्ट्रेलिया दोन षटके मागे राहिला आणि कसोटी अजिंक्यपदाचे ४ गुण कापले गेले. अखेरीस ऑस्ट्रेलिया ४८० पैकी ३३२ गुण, म्हणजे ६९.२ टक्के; न्यूझीलंड ७०. ते चार गुण असते तर बरोबरी झाली असती आणि धावा-बळींच्या सरासरीवर अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने खेळला असता. दोन षटकांपायी साउदॅम्प्टनचे तिकीट गेले! आता कमी पडलेल्या प्रत्येक षटकाला एक गुण जातो, आणि दोन षटकांमध्ये ६० सेकंदांचे घड्याळ लागते: दोन ताकिदी, तिसऱ्या वेळी पाच धावांचा दंड, ८० षटकांनी ताकिदींची पाटी कोरी.

रिव्ह्यूबद्दल एवढेच. पंधरा सेकंदांत ठरवायचे असते आणि गोलंदाजाला प्रत्येक चेंडू यष्ट्यांवरच वाटतो. विचारायचे ते यष्टिरक्षकाला, मिडऑनला नाही. २०१९ मध्ये हेडिंग्लेला पेनने शेवटचा रिव्ह्यू लीचविरुद्ध उधळला आणि पुढच्याच षटकात स्टोक्स पायचीत असूनही दाद मागता आली नाही. सामना एका गड्याने गेला.

आणि टक्केवारी. सुनील गावसकर ४७ सामने, ९ विजय, ८ पराभव, ३० अनिर्णित. कोहली ६८, ४० विजय. हे आकडे शेजारी छापून ‘यशस्वी कोण’ असे मथळे येतात. गावसकरांना कपिलदेव सोडून दुसऱ्या टोकाला टिकाऊ वेगवान गोलंदाज शोधावा लागे. कोहलीकडे बुमरा, शमी, ईशांत आणि उमेश एकाच वेळी होते. इंग्लंडचे कर्णधार माइक ब्रिअर्ली यांची फलंदाजीची सरासरी २२.८८, एकही शतक नाही, तरी ३१ पैकी १८ सामने जिंकले. १९८१ मध्ये हेडिंग्लेला त्यांनी वेगवान गोलंदाज विलिसला टोक बदलून दिले आणि ४३ धावांत ८ बळी मिळाले. तक्त्यात टोक बदलण्याचा रकाना नसतो.

म्हणून एक मागणी. कसोटीच्या रोजच्या धावफलकाखाली चार ओळी वाढवाव्यात: प्रत्येक सत्रात पडलेली षटके आणि त्यांची गती, नवा चेंडू कितव्या षटकात घेतला किंवा घेतला नाही, प्रत्येक गोलंदाजाचे स्पेल (उदाहरणार्थ ६-५-४) आणि कोणत्या टोकाकडून, दोन्ही संघांचे उरलेले रिव्ह्यू. डाव घोषित झाला असेल तर उरलेली षटके आणि लक्ष्य. ही सगळी माहिती गुणलेखकाच्या वहीत त्याच संध्याकाळी तयार असते. जागेची अडचण असेल तर कर्णधाराचे छायाचित्र दोन बोटे कमी उंच छापले तरी भागेल.

आपला,
एक गुणलेखक, पुणे